तलावाचा नकाशा कोणाचा? शंकू साखळीपासून ड्रोनपर्यंत, भंडाऱ्याच्या मोजणीची गोष्ट

आजचा विषय ड्रोन आणि मुक्त सॉफ्टवेअरचा आहे, पण आपण सुरुवात तलावापासून करणार आहोत. भंडारा जिल्ह्यात बसून नकाशांबद्दल बोलायचं आणि तलाव वगळायचे, हे जमणारच नाही.

एक साधा प्रश्न घ्या. गावात एक जुना तलाव आहे. त्याच्या पाण्यावर दीडदोनशे बांध्या भिजतात, ढिवरांची मासेमारी चालते, जनावरं पाणी पितात. या तलावात आज नेमकं पाणी किती मावतं? गाळ किती साचला? तलावाची हद्द कुठून कुठपर्यंत? उत्तर मागायला तुम्ही तीन कार्यालयांत गेलात, तर तीन वेगळे आकडे मिळण्याची शक्यता आहे. कारण तलाव मोजणारे हात दर काळात बदलले, आणि प्रत्येकानं आपल्या गरजेपुरतंच मोजलं. ही मोजणी कोणी, कशासाठी केली आणि आज ती गावाच्या हातात येऊ शकते का, हे आपण पाहू.

पूर्व विदर्भात असे सहा हजारांहून जास्त तलाव आहेत. सरकारी भाषेत ते ‘माजी मालगुजारी तलाव’, बोलीत ‘मामा तलाव’. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूरचा पूर्व भाग, हा त्यांचा पट्टा. १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा झाला. त्याआधी नवेगावबांधचा प्रसिद्ध तलावही भंडारा जिल्ह्यातच होता. हे तलाव बांधण्याचं श्रेय मुख्यतः कोहळी समाजाला दिलं जातं. परंपरा सांगते की गोंड राजांच्या काळात जो जंगल साफ करून गाव वसवेल आणि तलाव बांधेल, त्याला जमीन मिळत असे. नवेगावबांधचं नाव कोलू पाटील कोहळींशी जोडलेलं आहे.

आता विचार करा, या माणसांकडे कागदाचा नकाशा नव्हता. पण उताराची जाण होती. दोन टेकड्यांमधली अरुंद जागा हेरायची, तिथे मातीची पाळ घालायची, जादा पाणी जायला सांडवा ठेवायचा, बांध्यांना पाणी सोडायला तुडूम बसवायचं. एका तलावाचा सांडवा खालच्या तलावाला भरतो, त्याचा पुढच्या बोडीला. आज संगणकावर ज्याला पाणलोट विश्लेषण म्हणतात, ते यांनी पायांनी चालून आणि पाऊस बघून केलं होतं. म्हणजे मोजणी होती, पण ती माणसांच्या डोक्यात होती.

ती कागदावर आली इंग्रजांच्या काळात, आणि तीही महसुलासाठी. नागपूरचं भोसले राज्य १८५३-५४ मध्ये खालसा झालं. १८६० च्या दशकात भंडाऱ्यात जमीन महसुलाचा मोठा बंदोबस्त झाला. गावाच्या मालगुजाराला मालकी हक्क देण्यात आले आणि त्या बदल्यात सारा ठरला. या बंदोबस्ताला हवं होतं शेताचं क्षेत्र, जमिनीची प्रत आणि सिंचन आहे की नाही. तलाव कागदावर आला तो क्रमांक आणि क्षेत्र म्हणून. त्याची खोली कोणी मोजली नाही, कारण खोलीवर सारा नव्हता. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्याच शतकात दुसरीही एक मोजणी आपल्या अंगणातून चालली होती. विल्यम लॅम्बटन यांनी १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ सुरू केलेलं काम पुढे भारताचं महान त्रिकोणमितीय सर्वेक्षण म्हणून ओळखलं गेलं. जमिनीवर एक पायारेषा साखळीनं मोजायची, मग टेकड्यांवरून कोन मोजत त्रिकोणामागून त्रिकोण रचत जायचं. नागपूरकडे जाताना जानेवारी १८२३ मध्ये लॅम्बटन वारले, ते आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला. त्यांची कबर तिथेच आहे. काम पुढे नेलं जॉर्ज एव्हरेस्ट यांनी. पृथ्वी गोल आहे, पण किती चपटी, याचं त्यांनी काढलेलं गणित भारतातल्या नकाशांचा पाया बनलं.

म्हणजे विदर्भात दोन मोजण्या झाल्या. एक वरून: त्रिकोण, कोन, पृथ्वीचा आकार. दुसरी खालून: शंकू साखळी, फलकयंत्र, शेताचा बांध. त्या दोन एकमेकींशी कधी नीट जुळल्या नाहीत. गावाचा नकाशा कापडावर किंवा कागदावर आहे, पण तो पृथ्वीवर नेमका कुठे बसतो ते त्यावर लिहिलेलं नाही. आजही भूमी अभिलेखाचा गावनकाशा उपग्रहाच्या चित्रावर टेकवायला गेलं की तो इकडेतिकडे सरकतो. याचं मूळ इथे आहे.

आता येऊ १९५१ वर. भंडारा तेव्हा जुन्या मध्य प्रदेशात होता. १९५० चा मालकी हक्क निर्मूलन कायदा ३१ मार्च १९५१ पासून लागू झाला आणि मालगुजारी संपली. तलाव शासनाचे झाले. मालगुजारीतल्या जुलमाबद्दल इथे कोणाला हळहळ वाटायचं कारण नाही. पण एक अडचण झाली. मालगुजार पाळीची डागडुजी करवून घेत असे. बहुतेकदा गावकऱ्यांच्या श्रमातून, पण करवून घेत असे. आता मालक कागदावर शासन, आणि वापरणारे गावकरी. दरवर्षी पाळीवर माती कोणी टाकायची? भंडारा १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. दहा वर्षांत तीन राज्यं. कागदांचे गठ्ठे फिरले, खाती बदलली. पाळी खचल्या, पोटात गाळ साचला, बेशरम माजली.

गावाचे हक्क मात्र कागदावर टिकले. विदर्भात निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज नावाचे दस्तऐवज आहेत. तलावाचं पाणी कोणी, कशासाठी वापरायचं, गुरांची वाट कुठली, मासेमारीची प्रथा काय, हे त्यात नोंदलेलं असतं. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ मध्येही त्यांना जागा आहे. पण गंमत बघा. हक्क लिहिलेला आहे शब्दांत, तलाव काढलेला आहे रेषेत, आणि दोन्ही वेगवेगळ्या दप्तरांत. वाद झाला की दोन्ही एकत्र आणायचे कोणी?

गावानं स्वतः नकाशा करायचा म्हटलं तर दीर्घकाळ ते शक्यच नव्हतं. तपशिलाचे नकाशे सहज मिळत नसत. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानं संरक्षणासाठी एक आणि लोकांसाठी दुसरी, अशा दोन मालिका केल्या. नागपूरला १९८८ पासून महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आहे, तिथे मोठं काम झालं. पण ते काम खात्यांसाठी. भौगोलिक माहितीचं व्यावसायिक सॉफ्टवेअर घ्यायचं तर परवान्याचा खर्च ग्रामपंचायतीच्या आवाक्यातला नव्हता.

इथे मुक्त सॉफ्टवेअरची गोष्ट सुरू होते, आणि तिचा उगम गमतीशीर आहे. १९८२ मध्ये अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाच्या एका प्रयोगशाळेत, इलिनॉय राज्यात, ‘ग्रास’ नावाची प्रणाली लिहायला घेतली. लष्कराच्या ताब्यातल्या जमिनींची देखभाल करायला ती हवी होती. सरकारी पैशातून झालेली, म्हणून ती सर्वांना खुली होती. नव्वदच्या दशकाच्या मध्यात प्रयोगशाळेनं हात काढून घेतला. तलावांचं झालं तेच इथेही होऊ शकलं असतं. मालक गेला, पाळ खचली. पण वापरणाऱ्यांनी ती उचलली. आधी अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात, मग जर्मनीत मार्कुस नेटेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. १९९९ पासून ती ‘जीपीएल’ परवान्याखाली आली. म्हणजे कोणीही वापरा, बदला, पण बदललेलं वाटाल तेव्हा तेही खुलंच ठेवा. आज चाळीस वर्षांनंतरही ग्रास जिवंत आहे.

बाकीची अवजारं याच रीतीनं आली. १९९८ मध्ये फ्रँक वॉर्मरडॅम यांनी ‘जीडॅल’ सुरू केलं. शेकडो प्रकारच्या नकाशा-फायली उघडणारी ती किल्ली आहे. २००२ मध्ये गॅरी शर्मन यांनी ‘क्यूजीआयएस’ लिहायला घेतलं, २००९ मध्ये त्याची पहिली पूर्ण आवृत्ती आली. २००४ मध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी ‘ओपनस्ट्रीटमॅप’ काढलं. २०१४ मध्ये स्टीफन मॅथर यांनी ‘ओपनड्रोनमॅप’ सुरू केलं, आणि पुढे पिएरो तोफानिन यांनी त्याला ‘वेबओडीएम’ हा सोपा चेहरा दिला. महाराष्ट्रातही हे रुजलं. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पासाठी आयआयटी मुंबईनं गावाचा पाण्याचा ताळेबंद काढणारं जोड-सॉफ्टवेअर क्यूजीआयएसवरच बेतलं.

आणि एक धागा सांगितल्याशिवाय राहवत नाही. या सगळ्या अवजारांच्या पोटात ‘प्रोज’ नावाचं एक ग्रंथालय असतं. एका पद्धतीचे अक्षांश-रेखांश दुसऱ्या पद्धतीत बदलण्याचं काम ते करतं. त्याच्या यादीत १८३० सालचा एव्हरेस्टचा पृथ्वीचा आकार आजही आहे. कारण जुने भारतीय नकाशे त्यावरच बेतलेत. तुम्ही लॅपटॉपवर जुना नकाशा उघडता, तेव्हा हिंगणघाटला संपलेल्या आयुष्याचं गणित आत चालू असतं.

आता ड्रोन. ऑक्टोबर २०१४ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं खासगी ड्रोन उडवण्यावर बंदी घातली होती. डिसेंबर २०१८ पासून नियमांच्या चौकटीत ते सुरू झालं. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीय व्यक्ती आणि संस्थांना पूर्वपरवानगीशिवाय नकाशे करायला मोकळीक दिली, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये ड्रोन नियम आले. हिरव्या क्षेत्रात जमिनीपासून ४०० फुटांपर्यंत उडवायला परवानगी लागत नाही, लाल आणि पिवळ्या क्षेत्रात लागते. आपल्या जिल्ह्यात जवाहरनगरला आयुध निर्माणी आहे. तेव्हा उडवण्याआधी सरकारी हवाई क्षेत्राचा नकाशा बघणं हे पहिलं काम, दुसरं नाही.

शासनाचा ड्रोनही याच काळात गावावर आला. पुणे जिल्ह्यात पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात गावठाण मोजणीचा प्रयोग झाला. पुढे २४ एप्रिल २०२० रोजी ‘स्वामित्व’ योजना जाहीर झाली. घरांच्या हद्दींवर चुना टाकायचा, भारतीय सर्वेक्षण विभागाच्या ड्रोननं फोटो घ्यायचे, आणि मालकाला मिळकत पत्रिका द्यायची. काम चांगलं आहे. ज्या घराला कधी कागद नव्हता त्याला कागद मिळाला. पण ही मोजणी गावठाणापुरती आहे. तलाव बहुतेकदा गावठाणाबाहेर. म्हणजे १८६० च्या दशकात खोली सुटली, तशी ड्रोनच्या पहिल्या फेरीतही तलावाची पाळी आलीच नाही.

ती आपण मोजू शकतो का? शकतो. ड्रोन शंभर मीटर उंचीवरून ओळीनं फोटो घेतो. प्रत्येक फोटो शेजारच्या फोटोवर सत्तर-ऐंशी टक्के चढलेला हवा. ओपनड्रोनमॅप सगळ्या फोटोंतले सारखे बिंदू शोधतं: एखादा दगड, बांधाचा कोपरा. एकच दगड पाच फोटोंत पाच ठिकाणांहून दिसला की त्याची जागा आणि उंची काढता येते. हा लॅम्बटनचाच त्रिकोण आहे, फक्त टेकडीऐवजी फोटो. साधारण ड्रोनला त्या उंचीवरून जमिनीचा सुमारे तीन सेंटिमीटरचा तुकडा एका ठिपक्यात दिसतो.

आमची चूक सांगतो, कारण त्यातून जास्त शिकायला मिळालं. आम्ही पहिल्यांदा एका तलावावर ड्रोन उडवला तो डिसेंबरात. तलाव भरलेला, चित्र सुंदर. लॅपटॉपनं रात्रभर पाचशे फोटो चघळले आणि सकाळी तलावाच्या जागी भोक दिलं. पाणी हलतं, चमकतं. एका फोटोतला बिंदू दुसऱ्यात सापडत नाही. मग आम्ही मे महिन्यात परत गेलो. तलाव कोरडा. या वेळी पोटाचं छान मॉडेल निघालं. रंगीत छापून आम्ही ते गावात दाखवलं. ढिवर समाजातले एक बाबा बराच वेळ कागद बघत राहिले. मग मधोमध बोट ठेवून म्हणाले, “इथं डोह आहे जी. इथं माणूस बुडते. तुमच्या कागदावर तर उंचवटा दिसते.”

बाबांचं बरोबर होतं. जमिनीवर नियंत्रण बिंदू न ठेवता सरळ ओळींनी खाली बघत फोटो घेतले, की भिंगातली बारीकशी चूक साचत जाते आणि सपाट जमीन घुमटासारखी फुगते. ही चूक जगभर सगळ्यांना माहीत आहे. आम्हाला ती पुस्तकात वाचूनही दिसली नव्हती, बाबांना एका नजरेत दिसली. पुढच्या वेळी आम्ही पाळीवर आणि पोटात चुन्याच्या आठ फुल्या मारल्या, त्यांची पातळी यंत्रानं मोजली, आडव्या ओळीही उडवल्या आणि काही फोटो तिरके घेतले. डोह परत डोह झाला.

यात आणखी एक युक्ती कामी आली. जीपीएसची उंची आणि समुद्रसपाटीपासूनची उंची यांत आपल्या भागात पन्नास मीटरांहून जास्त फरक पडतो. त्या गोंधळात पडायचंच नाही. सांडव्याचा माथा म्हणजे शून्य धरायचं आणि सगळं त्याच्या खाली किती, एवढंच मोजायचं. कारण पाणी सांडव्यापर्यंतच राहतं. मग ग्रासमध्ये ‘आर डॉट लेक’ नावाची आज्ञा आहे. तिला एक बिंदू आणि पाण्याची पातळी सांगितली की ती तलाव भरून दाखवते आणि किती घनमीटर पाणी बसलं ते सांगते.

अचूकता इतकी का महत्त्वाची? हिशेब करून बघू. तलाव ४० हेक्टरचा, म्हणजे ४ लाख चौरस मीटर. मोजणीत २० सेंटिमीटरची चूक झाली तर फरक पडतो ८० हजार घनमीटरचा. गाळ काढण्याचं अंदाजपत्रक याच आकड्यावर ठरतं. किती गाळ होता, किती काढला, याचा पुरावा म्हणजे आधीचं आणि नंतरचं मॉडेल. हे गणित बंद पेटीतून आलं, तर विश्वास ठेवणं किंवा न ठेवणं एवढंच गावाच्या हातात उरतं. खुल्या अवजारातून आलं, तर तेच फोटो घेऊन दुसरा कोणीही तीच पायरी परत चढून बघू शकतो. ‘फुकट आहे’ हा मुक्त सॉफ्टवेअरचा धाकटा गुण. मोठा गुण हा, की ते तपासता येतं.

पण एक धोका आहे, आणि तो आज मुद्दाम सांगायचा आहे. मे महिन्यात ड्रोन उडवला की तलावाच्या पोटात काय दिसतं? काही ठिकाणी नांगरलेली शेतं. पाणी ओसरलं की कडेची जमीन कसायची प्रथा जुनी आहे, आणि कुठे कुठे ती कायमचं अतिक्रमण झाली आहे. ड्रोनला प्रथा आणि अतिक्रमण यांतला फरक कळत नाही. तो म्हणतो, इथे शेत आहे. तीन सेंटिमीटरची सुबक प्रतिमा समोर आली की माणसाला वाटतं, हेच सत्य. आणि बघता बघता तलावाची हद्द आजच्या पाण्याच्या कडेला येऊन थांबते. १८६० च्या दशकात जे सोडलं ते विस्मृतीत गेलं, आज जे चुकीचं काढू ते पक्कं होईल.

म्हणून क्रम असा हवा. आधी बंदोबस्ताचा नकाशा, निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज मिळवा. क्यूजीआयएसमध्ये जुना नकाशा न हललेल्या खुणांवर टेकवा: देऊळ, जुनी विहीर, गावशिवेचे दगड. मग त्यावर ड्रोनचं चित्र ठेवा. दोन्हींत जो फरक दिसेल, तिथून चौकशी सुरू होते. आणि तिसरा थर माणसांचा. कुठला डोह, कुठली माशांची जागा, कुठल्या कडेला कोणती पाणवनस्पती. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ आणि मनीष राजनकर यांनी ढिवर समाजासोबत तलाव पुन्हा जिवंत करण्याचं जे काम केलं, त्याचा आधार हेच ज्ञान आहे. बेशरम काढायची, पोट नांगरायचं, मूळच्या वनस्पती परत लावायच्या. कोणती, कुठे, हे ड्रोन सांगू शकत नाही.

ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेचा पूर भंडारा शहरात शिरला, तेव्हा पाणी कुठपर्यंत आलं याच्या खुणा लोकांनी भिंतींवर पाहिल्या. त्या खुणा दोन पावसाळ्यांत धुऊन जातात. नकाशावर घेतल्या तर राहतात. तलावाचंही तसंच आहे. कोहळ्यांच्या डोक्यातली मोजणी आपल्यापर्यंत पाळीच्या रूपानं पोचली. आपण केलेली मोजणी पुढे पोचायची असेल, तर फोटो, नियंत्रण बिंदू आणि केलेल्या पायऱ्या, तिन्ही ग्रामपंचायतीत आणि शाळेत ठेवा. मालक बदलतील, अधिकारी बदलतील. ग्रास जशी वापरणाऱ्यांनी टिकवली, तसा हा नकाशा वापरणाऱ्यांनीच टिकवायचा आहे.

वेळ संपत आलीय. दोन प्रश्न घेऊ.

पहिला प्रश्न आलाय, हा नकाशा हद्दीच्या वादात चालेल का? उत्तर स्पष्ट आहे: कायदेशीर हद्द ठरवण्याचा अधिकार भूमी अभिलेख विभागाच्या मोजणीला आहे. आपला नकाशा त्याची जागा घेत नाही. पण ग्रामसभेत ठराव करून मोजणीचा अर्ज देताना तो सोबत जोडता येतो. कुठे मोजा आणि का मोजा, हे त्यावरून नेमकं सांगता येतं.

दुसरा प्रश्न, आमच्याकडे ड्रोनच नाही, मग काय करू? ड्रोन शेवटी आणा. क्यूजीआयएस आज रात्री उतरवून घ्या, मोफत आहे. आपल्या गावाचा तलाव ओपनस्ट्रीटमॅपवर आहे का बघा. नसेल तर काढा, आणि गावात म्हणतात तेच नाव त्याला द्या. मग निस्तार पत्रकाची नक्कल मागायला तहसीलला जा. एवढं झालं की निम्मा नकाशा तयार आहे.